नेटवर्कवरच्या उपकरणांचं आपोआप होणारं स्कॅन: वेळापत्रक कसं लावावं?

शाखा_नंबर_सात (धागाकर्ता) | सोमवार, सकाळी १०:४२

नमस्कार मंडळी,

दक्षिण महाराष्ट्रातली मध्यम आकाराची नागरी सहकारी बँक. मुख्य कार्यालय, अकरा शाखा आणि आयटी विभागात आम्ही दोघं. या वेळी ऑडिटरने विचारलं, "आज, आत्ता, नेटवर्कला किती उपकरणं जोडलेली आहेत?" रजिस्टर पुढे केलं. ते म्हणाले, हे खरेदीचं रजिस्टर झालं. मी जोडलेल्यांचं विचारतोय.

त्यांचं चूक नाही. रिझर्व्ह बँकेने १९ ऑक्टोबर २०१८ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट काढली, तिच्या परिशिष्टात पहिली बाबच आयटी मालमत्तेच्या अद्ययावत नोंदवहीची आहे.

आमच्या व्हेंडरने एका जुन्या डेस्कटॉपवर उबुंटू (लिनक्स) टाकून एनमॅप (नेटवर्क स्कॅन करणारं सॉफ्टवेअर) बसवून दिलं, क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी लिनक्सची सोय) एक ओळ लिहिली आणि गेला. रोज रात्री २ वाजता सगळ्या शाखा, सगळे पोर्ट (उपकरणावरच्या सेवांचे क्रमांकित दरवाजे). आता होतं असं की मुख्य कार्यालयात रजिस्टरच्या निम्मीच उपकरणं सापडतात, उलट प्रत्येक शाखेत बरोब्बर २५६ उपकरणं 'जिवंत' दिसतात (आमच्या सगळ्यात मोठ्या शाखेत माणसं नऊ!). सकाळी दहाला शाखा उघडतात तरी स्कॅन चालूच, मग "सीबीएस (कोअर बँकिंग सॉफ्टवेअर) रांगतंय" म्हणून फोन. आणि लेझर प्रिंटरच्या ट्रेमध्ये सकाळी अगम्य अक्षरं छापलेले कागद.

व्हेंडर म्हणतो, स्कॅन रात्रीच करायचं असतं. खरंच का?

---

चिमणी१२ | सोमवार, ११:०५

वाचतेय. आमच्या पतसंस्थेतही असाच कागद निघतो. शिपाईमामांनी तो प्रिंटर भिंतीकडे तोंड करून ठेवलाय.

---

केबलकाका | सोमवार, दुपारी १:२०

धागाकर्ते, तुमच्या चारही तक्रारींचं मूळ त्या एका ओळीत आहे. ओळ न बघताच सांगतो.

२५६ चा उलगडा आधी. एनमॅप एरवी आधी पत्ता जिवंत आहे का ते बघतं, मगच पोर्ट ठोठावतं. व्हेंडरने ती आधीची तपासणी बंद करणारा पर्याय दिलेला असणार. मग एनमॅप प्रत्येक पत्ता जिवंतच धरून चालतं. २५६ म्हणजे त्यात शाखेच्या नेटवर्कचा स्वतःचा पत्ता आणि ब्रॉडकास्टचा पत्तासुद्धा आले! मुख्य कार्यालयात हा घोळ दिसत नाही, कारण एकाच लॅनवर (एका जागेच्या स्थानिक नेटवर्कवर) एनमॅप एआरपीने ('हा पत्ता कुणाचा?' असं लॅनवर विचारण्याची पद्धत) विचारणा करतं आणि ती त्या पर्यायानेही बंद होत नाही. एआरपी राउटर ओलांडत नाही, त्यामुळे शाखांना तो नियम लागू नाही.

आता सकाळपर्यंत का चालतं ते बघा. २५६ पत्ते गुणिले ६५,५३५ पोर्ट, म्हणजे एका शाखेला १ कोटी ६७ लाख विचारणा. अकरा शाखा धरा. त्यातले बहुतेक पत्ते अस्तित्वातच नाहीत, म्हणजे उत्तर येत नाही, म्हणजे वाट बघणं, म्हणजे पुन्हा विचारणं. हे सगळं शाखेच्या त्या बारीक लीज्ड लाइनवरून. सीबीएस रांगणार नाही तर काय!

प्रिंटरचं कारण माझ्या मते आणखी गमतीचं आहे. नेटवर्क प्रिंटर ९१०० नंबरच्या पोर्टवर जे येईल ते इमानेइतबारे छापतात. सेवेची आवृत्ती ओळखण्यासाठी एनमॅप पोर्टवर निरनिराळे मजकूर पाठवून बघतं, आणि नेमकं हेच होऊ नये म्हणून ९१०० ते ९१०७ हे पोर्ट त्या कामातून मुळातच वगळलेले असतात. ते वगळणं रद्द करणारा पर्याय आहे 'ऑलपोर्ट्स'. नाव वाचून लोकांना वाटतं की सगळे पोर्ट तपासायला हाच द्यायचा. सगळ्या पोर्टांसाठी वेगळा पर्याय आहे, पी आणि पुढे एक रेघ. तुमच्या ओळीत दोन्ही असतील, पैज लावतो.

आता रात्रीचं. रात्री २ ला तुमच्या कार्यालयात कोण जागं असतं? सर्व्हर, स्विच, कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा एनव्हीआर, हजेरीचं यंत्र. डेस्कटॉप बंद, लॅपटॉप घरी. काही शाखांत तर शेवटचा माणूस मेन स्विचच पाडून जातो, वीजबिलाच्या धाकाने. मग निम्मीच उपकरणं सापडली यात नवल काय? जनगणनेचा प्रगणक मध्यरात्री बाजारपेठेत फिरला तर त्याला रखवालदारच भेटतील.

तुम्ही दोन निरनिराळी कामं एका ओळीत कोंबली आहेत. 'कोण कोण जोडलेलं आहे' हे हलकं काम. एका शाखेला काही सेकंद ते मिनिटभर. ते कामाच्या वेळेत, दिवसातून दोन-तीनदा करा. साडेअकरा आणि चार या वेळा बऱ्या. 'कोणत्या यंत्रावर काय उघडं आहे, त्यात कोणती भोकं आहेत' हे जड काम. ते आठवड्याला किंवा महिन्याला, ठरवून, सांगून, आणि फक्त पहिल्या कामात सापडलेल्या पत्त्यांवर.

---

रात्रपाळी | सोमवार, दुपारी ३:४८

काका, निम्मा सहमत. रात्रीचं स्कॅन बिनकामाचं नाही. उलट माझं आवडतं तेच आहे.

दिवसाच्या यादीत तीनशे ओळी असतात, त्यात एक नवी मिसळली तर डोळ्याला दिसत नाही. रात्रीची यादी चाळीस-पन्नासची. त्यातल्या प्रत्येक उपकरणाला रात्री जागं असण्याचं कारण असलं पाहिजे आणि ते कारण मला माहीत असलं पाहिजे. पहाटे ३ ला एखादा अनोळखी रास्पबेरी पाय (तळहातावर मावणारा संगणक) किंवा घरगुती वायफाय राउटर उत्तर देत असेल तर तो कुणीतरी मुद्दाम चालू ठेवलाय. म्हणून हलकं स्कॅन रात्रीही एकदा हवंच. फक्त दोन्ही याद्या एकमेकींत मिसळू नका, नाहीतर रोज सकाळी 'दोनशे उपकरणं गायब' असा मेल येईल आणि आठवड्याभरात सगळे तो न उघडता डिलीट करतील.

जड स्कॅन मात्र बँकेत रात्री २ ला नको, याला माझा वेगळा पाठिंबा. रात्र रिकामी असते हा गैरसमज आहे. डे-एंड (दिवसअखेरीचं काम), बॅकअप, अँटिव्हायरसचं अपडेट, सगळे रात्रीच रांगेत उभे असतात.

---

केबलकाका | सोमवार, सायंकाळी ५:१०

@रात्रपाळी, मान्य. रात्रीची यादी वेगळी ठेवायची हे माझ्याकडून राहिलं म्हणा हवं तर.

---

गाळपहंगाम | सोमवार, रात्री ८:३१

बँकवाल्यांच्या गप्पांत नाक खुपसतो. साखर कारखान्यात आहे.

हलकं असो की जड, स्कॅन कोणत्या पत्त्यांवर *नाही* जाणार ही यादी आधी करा. कारखान्यातले पीएलसी (यंत्रं चालवणारे छोटे संगणक), वजनकाट्याचे नियंत्रक, जुने सिरीयल-टू-इथरनेट डबे यांच्यातलं नेटवर्कचं सॉफ्टवेअर फार तोकडं असतं. सवयीपेक्षा वेगळं पॅकेट आलं किंवा एकदम पाच-पन्नास जोडण्या आल्या की काही उपकरणं गप्प होतात आणि वीज काढून घातल्याशिवाय उठत नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मोळी पडली की मार्च-एप्रिलपर्यंत आमच्या नियंत्रण यंत्रणेच्या व्हीलॅनला (नेटवर्कच्या वेगळ्या काढलेल्या भागाला) स्कॅनरने हातसुद्धा लावायचा नाही, असा लेखी नियम आहे. तिथली यादी आम्ही स्विचच्या मॅक टेबलवरून (जोडलेल्या उपकरणांच्या हार्डवेअर पत्त्यांची स्विचकडची यादी) करतो. उपकरणाला काही विचारायचंच नाही, स्विचला विचारायचं. सक्रिय स्कॅन ऑफ-सीझनला, मेंटेनन्सवाला शेजारी उभा असताना.

बँकेत याला समांतर म्हणजे एटीएम, बायोमेट्रिक यंत्रं, यूपीएसची नेटवर्क कार्डं. ती वगळा किंवा फार हळू घ्या.

---

एडिसनकर | मंगळवार, पहाटे ४:१२

इथे न्यू जर्सीत संध्याकाळ आहे, म्हणून ही वेळ.

तो उबुंटूचा डबा कोणत्या वेळेवर चालतोय ते एकदा बघा. टाइमझोन कुणी बदललाच नसेल तर तो बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असेल, मग त्याचे रात्रीचे २ म्हणजे आपले सकाळचे साडेसात. सकाळी दहापर्यंत स्कॅन चालू राहण्यामागे हेही असू शकतं. यूटीसीवरच ठेवून भागवायचं असेल तर आपल्या पहाटे २ साठी आदल्या दिवशीचे २०:३० लिहावे लागतात, आणि वार लिहिताना हमखास घोटाळा होतो, कारण आपला रविवार तिथे अजून शनिवारच असतो. सरळ यंत्राची वेळ भारतीय करा आणि एनटीपीने (नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याची पद्धत) जुळवून ठेवा. सर्ट-इनच्या (भारत सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) एनटीपीशी जुळलेली असावीत असं आहेच. त्याच निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलेत, तेव्हा स्कॅनचे अहवालही तेवढे दिवस ठेवायला हरकत नाही.

घड्याळ मागेपुढे करण्याची भानगड भारतात नाही, हे तुमचं भाग्य. इथे मार्चमधल्या दुसऱ्या रविवारी रात्री २ ते ३ हा तास नसतोच आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी १ ते २ दोनदा येतो. त्या दोन तासांत आम्ही कोणतंच काम लावत नाही.

किती वेळा करावं याला मापं हवी असतील तर दोन देतो. सीआयएस कंट्रोल्सच्या (सायबर सुरक्षेच्या उपायांची एक प्रसिद्ध यादी) पहिल्याच कंट्रोलमध्ये सक्रिय शोध रोज किंवा त्याहून जास्त वेळा, आणि डीएचसीपीच्या (उपकरणांना नेटवर्कचे पत्ते वाटणारी सेवा) नोंदींवरून यादी आठवड्याला ताजी करणं असं आहे. इथल्या केंद्र सरकारच्या बिगरलष्करी खात्यांना सिसाने (अमेरिकी सरकारची सायबर सुरक्षा संस्था) ऑक्टोबर २०२२ मध्ये आदेश दिला, त्यात उपकरणांचा शोध दर ७ दिवसांनी आणि त्यांच्यावरच्या त्रुटींची तपासणी दर १४ दिवसांनी. तुम्हाला यातलं काहीच बंधनकारक नाही, पण ऑडिटरपुढे ठेवायला बरं पडतं.

---

शाखा_नंबर_सात | मंगळवार, दुपारी १२:१५

काका, पैज जिंकलात. ओळीत दोन्ही आहेत, 'ऑलपोर्ट्स' पण आणि ती रेघ पण. आणि @एडिसनकर, यंत्र यूटीसीवरच होतं.

एकदम ओळ बदलून टाकली. काल... म्हणजे आज साडेअकराला हलकं स्कॅन चालवलं. मुख्य कार्यालयात रजिस्टरपेक्षा *जास्त* उपकरणं निघाली! जास्तीची बहुतेक मोबाइल दिसतात, स्टाफने वायफायचा पासवर्ड वाटलेला. पण रोज तेच फोन नवे म्हणून येतील का? मॅक ॲड्रेसवरून कंपनीचं नावही लागत नाहीये.

शाखांमध्ये उलट: आता काही पीसी दिसतच नाहीत, चालू असून.

---

चिमणी१२ | मंगळवार, १२:५०

फोनचं मला माहितीये, आमच्याकडे हेच झालं.

ॲन्ड्रॉइड १० पासून आणि आयफोनवर आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला स्वतःचा खरा मॅक न देता बनावट देतो. ओळखायची खूण सोपी आहे: मॅकमधलं डावीकडून दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता कारखान्यातून आलेला नाही. कंपनीचं नाव पहिल्या सहा अक्षरांवरून लागतं, ते अशा पत्त्याला लागणारच नाही. मी ही सगळी मंडळी अहवालात वेगळ्या टोपलीत टाकते. अर्थात तुमच्या बँकेत स्टाफचे फोन सीबीएसच्याच नेटवर्कवर का आहेत हा प्रश्न स्कॅनच्या वेळापत्रकापेक्षा मोठा आहे. वेगळं व्हीलॅन करा, आजच्या आज.

---

केबलकाका | मंगळवार, दुपारी २:३३

ताईंशी शंभर टक्के सहमत.

शाखांतले न दिसणारे पीसी: विंडोजची फायरवॉल पिंगला उत्तर देत नसेल. मुख्य कार्यालयात एआरपीने पकडले जातात, कारण एआरपीला उत्तर दिल्याशिवाय लॅनवर राहताच येत नाही. शाखेत राउटर मध्ये आला की तो मार्ग बंद. यावर शाखेच्या राउटरचंच एआरपी टेबल एसएनएमपीने (नेटवर्कच्या उपकरणांकडून माहिती वाचण्याची पद्धत) दर दहा-पंधरा मिनिटांनी वाचा, किंवा डीएचसीपीच्या नोंदी घ्या. मॅकही मिळतो आणि लाइनवर भारही पडत नाही. लिब्रेएनएमएस हे काम फुकटात करतं. एखाद्या मोठ्या शाखेत छोटा डबा ठेवून तिथूनच स्कॅन करणं हा दुसरा मार्ग, पण मग अकरा डबे सांभाळा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते कुणीच विचारलेलं नाही. ही यादी रोज येणार, तिचं करणार काय? तीनशे ओळी रोज वाचणारा माणूस मी अजून बघितलेला नाही. वाचायचा तो फरक. एनमॅपबरोबर एनडिफ येतं, दोन एक्सएमएल निकाल दिले की फक्त बदल सांगतं. पण बहुतेक जण आजची तुलना कालच्याशी लावतात. तसं केलं की अनोळखी उपकरण एकदाच, पहिल्या दिवशी ओरडतं. त्या दिवशी तुम्ही रजेवर असाल तर दुसऱ्या दिवशी ते 'कालचंच' झालेलं असतं आणि कायमचं घरजावई. म्हणून तुलना कालच्या यादीशी नाही, *मंजूर* यादीशी. मंजूर यादीत नाव घालायचं काम माणसाने करायचं, हाताने, कारण लिहून. तोपर्यंत ते उपकरण रोज मेलमध्ये येत राहिलं पाहिजे.

---

कलम४३ | मंगळवार, सायंकाळी ६:०२

तांत्रिक माणूस नाही, वकिली करतो. वेळापत्रक लावण्याआधी व्यवस्थापनाची लेखी परवानगी घ्या: कोणते पत्ते, कोणत्या वेळा, कोण करणार. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ 'परवानगीशिवाय' या शब्दावर उभं आहे, आणि तेच कृत्य अप्रामाणिकपणे केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नोकरीतल्या माणसाने आपल्याच कार्यालयात केलं तरी उद्या वाद झाला तर पहिला प्रश्न परवानगीचा येतो. सीबीएस बाहेरच्या डेटा सेंटरमध्ये असेल तर त्यांचे पत्ते तुमच्या परवानगीत येत नाहीत. चुकूनही तिकडे विचारणा जाऊ देऊ नका.

---

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ११:४०

वकीलसाहेबांना +१. आणि ज्यांच्याकडे फायरवॉल किंवा अँटिव्हायरसचा कन्सोल आहे त्यांनाही वेळा कळवा, नाहीतर स्कॅनरलाच हल्लेखोर समजून ब्लॉक करतील आणि तुम्हाला वाटेल सगळं नेटवर्क बंद पडलं.

---

शाखा_नंबर_सात | बुधवार, सकाळी ११:२०

परवानगीची टिपणी वर पाठवली. व्यवस्थापक म्हणाले, जड स्कॅन दुसऱ्या शनिवारी लावा, बँकेला सुट्टी असते. क्रॉनमध्ये तारीख ८ ते १४ आणि वार शनिवार असं लिहिलं तर बरोबर ना?

---

एडिसनकर | बुधवार, सायंकाळी ५:५५

थांबा, नाही! क्रॉनचा हा जुना सापळा आहे. महिन्याची तारीख आणि वार दोन्ही रकाने भरले तर क्रॉन 'दोन्ही जुळले तर' असं धरत नाही, 'कोणतंही एक जुळलं तरी' धरतो. म्हणजे तुमचं जड स्कॅन ८ ते १४ रोज चालेल, शिवाय महिन्यातल्या प्रत्येक शनिवारी. वाराच्या जागी तारा (*) ठेवा आणि आज शनिवार आहे का ही तपासणी कमांडमध्येच करा. नाहीतर सिस्टमडीचा (लिनक्समधलीच दुसरी सोय) टायमर वापरा, तिथे वार आणि तारीख दोन्ही जुळावी लागतात. त्यात 'पर्सिस्टंट' चालू केलं की वीज गेल्यामुळे वेळ हुकली तर यंत्र सुरू झाल्यावर काम उरकलं जातं. क्रॉन हुकलेल्या वेळेचं काही बघत नाही.

विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्येही हुकलेलं काम लवकरात लवकर करण्याची खूण असते, ती स्वतः करावी लागते. शिवाय 'फक्त चार्जरला जोडलेलं असेल तरच चालू कर' ही अट आधीपासून टिकमार्क केलेली असते, लॅपटॉपवर काम का होत नाही म्हणून लोक डोकं धरून बसतात.

---

केबलकाका | बुधवार, सायंकाळी ७:१५

त्यात माझी भर. आधीचं स्कॅन संपलं नसताना दुसरं सुरू होऊ नये म्हणून एफलॉक लावा. नाहीतर एका शनिवारी दोन एकमेकांच्या उरावर बसतील. आणि दुसऱ्या शनिवारी डेस्कटॉप बंद असणार हे साहेबांच्या लक्षात आणून द्या. त्या दिवशी सर्व्हर आणि नेटवर्कची उपकरणं घ्या. डेस्कटॉप कामाच्या दिवशी, शाखेनुसार पाळ्या लावून, जेवणाच्या सुट्टीच्या आसपास, वेग बांधून. मार्चचा शेवटचा पंधरवडा पूर्ण सुट्टी, ३१ मार्चला स्कॅनरचा प्लगच काढून ठेवला तरी चालेल.

---

रात्रपाळी | बुधवार, रात्री १०:२८

जड स्कॅन ग्रीनबोन किंवा नेससने (त्रुटी शोधणारी सॉफ्टवेअर), लॉगिन देऊन करणार असाल तर एक राहिलंच. स्कॅनरच्या खात्याचा पासवर्ड ९० दिवसांनी मुदत संपून मेला की स्कॅन थांबत नाही. बाहेरूनच यंत्राकडे बघून येतं आणि 'पूर्ण' असं सांगतं. त्रुटींचा आकडा धाडकन खाली येतो, मीटिंगमध्ये टाळ्या पडतात. नेससमध्ये १९५०६ नंबरच्या प्लगइनच्या निकालात लॉगिन करून तपासणी झाली की नाही ते लिहिलेलं असतं. मी अहवालात सगळ्यात वर 'इतक्या यंत्रांवर लॉगिन झालं' हा आकडा घेतो, त्रुटी त्याच्या खाली. आणि पासवर्ड चुकीचा असेल तर खातं लॉक होतं हेही लक्षात ठेवा. स्कॅनरला चुकूनही डोमेन ॲडमिनचं (सगळ्या यंत्रांवर पूर्ण अधिकार असलेलं) खातं देऊ नका.

---

शाखा_नंबर_सात | गुरुवार, सकाळी १०:०९

मंडळी, हे सगळं छापून भिंतीवर लावतोय. सध्या असं ठरलं: साडेअकरा आणि चारला हलकं, पहाटे ३ ला वेगळं हलकं, शाखांचं राउटरच्या टेबलवरून, सर्व्हरचं जड दुसऱ्या शनिवारी. एटीएम आणि बायोमेट्रिक यंत्रं वगळली. मंजूर यादीवर सही माझी, मी रजेवर असलो तर सहकाऱ्याची.

एकच अडकलंय. निकालाच्या फाइलला तारखेचं नाव द्यायचंय. टर्मिनलवर कमांड चालते, क्रॉनमध्ये टाकली की फाइलच तयार होत नाही.

---

चिमणी१२ | गुरुवार, १०:३१

टक्क्याचं चिन्ह! क्रॉनच्या ओळीत ते आलं की क्रॉन तिथे ओळ तोडतो. प्रत्येक टक्क्याआधी बॅकस्लॅश द्या. शनिवारच्या तपासणीतही तेच लागेल. नाहीतर सगळं एका स्क्रिप्टमध्ये टाका आणि क्रॉनमध्ये फक्त स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता लिहा, मी तसंच करते. माझी स्क्रिप्ट व्यनि (व्यक्तिगत निरोप) केली आहे. त्यात मेलचा पत्ता आमच्या पतसंस्थेचा आहे, तेवढा बदला हं, नाहीतर तुमच्या बँकेची यादी आमच्याकडे येत राहील.